नारळावरचा जबाब

सांगून कुणाला पटायचं नाही, हे शिवपुत्र काकांनी आधीच मान्य करून टाकलेलं आहे. पण भवानी पेठेतल्या लिंबाच्या बोळात एका निवडून आलेल्या नगरसेवकानं अनवाणी उभं राहून, दोन्ही हातांत नारळ धरून, गटाराचं पाणी घोट्याला लागत असताना, माइकवरून सगळं खरं सांगितलं. निवडणूक जवळ नव्हती. चौकशी लागलेली नव्हती. कुणी गचांडी धरलेली नव्हती. आपणहून सांगितलं.

आता काकांच्या शब्दावर पेठेचा फारसा भरवसा नाही, हेही खरं. परिवहनच्या बसवर कंडक्टर असताना होटगी रस्त्याला गाडीत बिबट्या चढला आणि काकांनी दरडावल्यावर निमूट मागच्या सीटवर जाऊन बसला, ही हकिकत पेठेनं कितीतरी वेळा ऐकली आहे आणि एकदाही मानलेली नाही. तर बिबट्याचं सोडा. नारळाचं ऐका.

सुरुवात झाली ती गिरिजाबाईंच्या कडक भाकरीपासून. गिरिजाबाई म्हणजे काकांची बायको. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ, वाजवली तर खणखणणारी आणि महिनाभर टिकणारी. चौकातल्या दुकानात तिची चवड लागली की संध्याकाळपर्यंत तुकडा उरत नसे. त्या दिवशी मात्र दुकानदारानं चवड जशीच्या तशी परत केली. "काकू, भाकरी झकास हाय," तो मान खाली घालून म्हणाला, "पण गिऱ्हाईक म्हणतंय, हिला तुमच्या बोळाचा वास येतोय."

गिऱ्हाइकाचं काही चुकत नव्हतं. बोळाचं गटार बरोबर गिरिजाबाईंच्या दारासमोर तुंबायचं. वरची फरशी कधीच खचलेली, खालचा पाइप कुठं फुटला ते पाइपालाच ठाऊक. काळं पाणी उंबऱ्याशी यायचं, थोडा वेळ रेंगाळायचं आणि जमलं तर आत डोकवायचं.

गिरिजाबाई घरी आल्या, तवा उलटा करून भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "गटार जाईस्तवर चूल बंद. दोगांनाबी हाटेलची पोळी."

"अगं, मी काय करू त्यात?"

"जलमभर तोंड चालवलंत. एकदा कामाला चालवा की."

हे काकांना लागलं. त्यातून हॉटेलची पोळी त्यांना पचत नाही. ते तडक वरच्या मजल्यावर धम्मप्रिया मॅडमकडं गेले. मॅडम महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. गटाराची तक्रार त्यांनी ऑनलाइन केलेली होती. त्यांनी मोबाइल पुढं धरला. तक्रारीचं निराकरण झालं होतं. सोबत पुरावा म्हणून फोटो होता. फोटोत स्वच्छ, झुळझुळ वाहणारं गटार आणि काठावर लालभडक जास्वंद.

काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "हे कुणाचं गटार हाय ओ मॅडम? एवढं देखणं गटार उभ्या सोलापुरात न्हाय."

"तेच विचारायला चाललेय नगरसेवकांकडं. येताय का?"

नगरसेवक शरणबसवअण्णा हे परंपरा विकास आघाडीचे. आघाडीच्या नावातला विकास शोधावा लागे, परंपरा मात्र दारातूनच दिसे. कार्यालयाला आंब्याचं तोरण, आत चप्पल बंद, पाहुण्याला खडीसाखर. मिरवणुकीच्या वाटेवर खड्डा असला तर अण्णा रातोरात डांबर ओतून घेत. बिगरमिरवणुकीच्या वाटेवर खड्डा असला तर त्यांना तो दिसत नसे. सभागृहात कुठलाही नवा ठराव आला की ते एकच प्रश्न विचारत, "हे आपल्या पूर्वजांनी केलं असतं का?" समोरच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचं मोठं तैलचित्र. फोटो घरात नव्हता, म्हणून चित्रकाराला सांगून अंदाजानं काढून घेतलेलं. फेटा, पल्लेदार मिशा. खाली निवडणुकीतली घोषणा रंगवलेली: पिढ्यानपिढ्या पेठेचे.

अण्णांनी दोघांना बसवलं, खडीसाखर दिली, गटाराचं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"निधी न्हाई काका."

"निधी मंजूर झाला होता," धम्मप्रिया म्हणाल्या. "पेपरात आलं होतं."

"आलता. निधी येतो, निधी जातो. तुमाला त्यातलं कळायचं न्हाई."

"कळेल की. सांगून तर बघा. वर्षभरात काय केलं, काय राहिलं, ते एकदा बोळात येऊन सगळ्यांसमोर सांगा. एवढंच म्हणणं आहे."

अण्णांना मनापासून वाईट वाटलं. ते माणूस वाईट नव्हते. "मॅडम, जाब विचारणं ही बाहेरची पद्धत झाली. आपल्यात वडीलधाऱ्याला जाब विचारत न्हाईत. विश्वास ठेवायचा असतो. आपल्या परंपरेत बसत न्हाई ते."

"बसतं की," शिवपुत्र काका म्हणाले.

आपण हे का बोललो, हे काकांना आजही सांगता येत नाही. पण डबल बेल वाजली की गाडी हलते, तशी जीभ हलली आणि मग ती कुठल्याच स्टॉपला थांबेना.

"नारळावरचा जबाब इसरला व्हय अण्णा? आमच्या बोळाचीच प्रथा की. मार्गशीर्षातली येळ अमावस्या झाली की म्होरच्या सोमवारी पेठेचा पंच बोळात यायचा. अनवाणी. हातात सोललेला नारळ. बोळाच्या शेवटच्या पायरीम्होरं उभा ऱ्हायचा आन वरीसभरात काय केलं, काय न्हाय केलं, ते समद्यांम्होरं सांगायचा. मग बोळातली जाणती बाई तोच नारळ पायरीवर फोडायची. एका दणक्यात फुटला तर जबाब खरा."

"आणि न्हाई फुटला तर?"

"तर पंचानं म्हागं जायचं आन पुन्ना यायचं. खरं बोलंपातूर."

अण्णांनी कपाळाला आठी घातली. "मी कधी ऐकलं न्हाई हे."

"तुमी कसं ऐकणार? शेवटचा जबाब तुमच्या आज्ज्यानं दिलता." काकांनी तैलचित्राला हात जोडले. "त्येंच्यानंतर तेवढ्या छातीचा माणूस पेठंत झालाच न्हाय. मग प्रथाबी बसली."

अण्णांनी चित्राकडं पाहिलं. चित्रातल्या मिशा जरा जास्तच पल्लेदार झाल्यासारख्या वाटल्या. आजोबा अण्णांच्या जन्माआधी गेलेले. वडील तेवढं एकच सांगून गेले होते, की आपण या पेठेचे जुने. आणि पिढ्यानपिढ्या पेठेचा असलेला माणूस, पेठेत अशी प्रथा नव्हती, हे कुठल्या तोंडानं म्हणणार?

"काका," अण्णांचा आवाज भरून आला, "एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवलीत?"

बाहेर आल्यावर धम्मप्रिया मॅडम चपला घालता घालता म्हणाल्या, "काका, ही प्रथा कुठल्या सालातली?"

"मगाचची," काका म्हणाले.

काकांना वाटलं होतं, अण्णा चार दिवस विचार करतील आणि विसरून जातील. पण परंपरा सापडल्यावर झोप लागणारा माणूस तो नव्हे. संध्याकाळी अण्णांच्या मोबाइलवर स्टेटस लागलं: आमच्या घराण्याची लोप पावलेली थोर प्रथा. सकाळी चौकात फलक लागला, त्यावर आजोबा डावीकडं, अण्णा उजवीकडं, मध्ये नारळ. दुपारी कार्यकर्ते वही घेऊन काकांच्या ओट्यावर. फेटा कुठल्या रंगाचा? हलगी आधी की नंतर? नारळाला शेंडी ठेवायची का? काका उत्तरं देत गेले. काही उत्तरं त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की ती त्यांनी पुन्हा सांगितली.

खरा धक्का वेगळाच बसला. समोरच्या घरातल्या नागव्वा आजी, वयानं सगळ्यांत मोठ्या, काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "माज्या लहानपणी बगितलंय मी. नारळाची वडी करायचे नंतर. मला कोपऱ्यातली मिळाली होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सोडलेलं पिल्लू इतक्या लवकर आजीच्या मांडीवर जाऊन बसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या वडीची चव कशी होती, हे विचारायचा त्यांना अनावर मोह झाला.

मग निघाली अनवाणी चालण्याची अडचण. कार्यकर्ते बोळ पाहायला आले आणि नाकाला रुमाल लावून परत फिरले. "काका, लाल मॅट टाकतो की वरून."

"मॅट चालत न्हाय. पायाला भुई लागली पायजे. अण्णांच्या आज्ज्याच्या पायाला लागली होती."

आज्जा आडवा आल्यावर पुढं बोलायची सोय नव्हती. दुसऱ्याच दिवशी मोडनिंबचा कुंडलिक मुकादम आपली माणसं आणि छोटा जेसीबी घेऊन हजर. ज्या बोळात कधी रिक्षा वळली नव्हती, तिथं जेसीबी भिंतींना चाटत, मागं सरत, पुढं होत शिरला. माणसं गच्चीवर चढून पाहत होती. बायका जेसीबीला कुंकू लावून गेल्या. गाळ निघाला, पाणी आटलं, चुन्याची पांढरी रेघ पडली. गिरिजाबाई कोरड्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"तवा सरळ करू का ओ?" त्यांनी हळूच विचारलं.

काका मुकादमाकडं गेले. "कुंडलिक, नवा पाइप टाकला न्हवं?"

"पाइप कुटला काका?" कुंडलिक तंबाखू मळत म्हणाला. "बोळाच्या तोंडाला वाळूची पोती लावून वरच्या पेठंचं पाणी आडवलंय. सोमवारचा दिस धरंल. म्होरचं आमाला सांगितलं न्हाय."

काका घरी येऊन म्हणाले, "तवा ऱ्हाऊ दे तसाच."

येळ अमावस्येनंतरचा सोमवार उजाडला. आता सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. दिवसांच्या अंतरानं पाळी येते आणि पाळीच्या दिवशी माणूस काम बुडवतो, लग्न पुढं ढकलतो, पण धुणं सोडत नाही. चादरी, गोधड्या, पायपुसणी, अंगण, सायकली, सगळं त्या दिवशी. अण्णांच्या माणसांनी सोमवारचा मुहूर्त पाहिला, राहुकाळ पाहिला, फुलांचा भाव पाहिला. वरच्या पेठेची पाण्याची पाळी कुठल्या दिवशी आहे, ते कुणी पाहिलं नाही. ती सोमवारीच होती.

भर दुपारी हलगी वाजली. अण्णा बोळाच्या तोंडाशी उतरले. पांढरं धोतर, भगवा फेटा, पायांत काही नाही, ओंजळीत नारळ. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं दाटलेली. माणूस खरोखर तेजस्वी दिसत होता. काका म्हणतात, क्षणभर मलाच वाटलं, ह्याचा आज्जा असाच आला असंल.

शेवटच्या पायरीसमोर अण्णा जमिनीवर उभे राहिले. पायरी गिरिजाबाईंची. जाणती बाई म्हणून त्याही नेसून सवरून तिथंच. अण्णांनी माइकवर आधी परंपरेचं महत्त्व सांगितलं. मग संस्कृतीचं सांगितलं. मग दोन्हींचं मिळून सांगितलं. तेवढ्या वेळात वरच्या पेठेतल्या समस्त गोधड्या पिळून झाल्या.

"आता जबाब," अण्णा म्हणाले आणि नारळ छातीशी धरला. "वर्षभरात मी काय केलं? या बोळाचं गटार मी कायमचं दुरुस्त केलं."

'कायमचं' हा शब्द माइकमधून बाहेर पडला आणि बोळाच्या तोंडाशी गुडुप असा मोठा आवाज झाला. पोती सरकली होती. साबणाचा फेस डोक्यावर घेऊन काळं पाणी वळणावरून आलं, हलगीवाल्यांमधून वाट काढत आलं आणि अण्णांच्या पायांशी येऊन थांबलं. थांबलं म्हणजे चढू लागलं.

कुणी पळालं नाही.  ओट्यावर नागव्वा आजींनी हात जोडले. "नारळाला कळलं," त्या म्हणाल्या.

अण्णांनी हातातल्या नारळाकडं पाहिलं. नारळाचे तीनही डोळे त्यांच्याचकडं होते. अण्णांचा परंपरेवर विश्वास होता, तो खोटा नव्हता. अडचण तिथंच झाली.

"कायमचं न्हाई," ते माइकमध्ये पुटपुटले. "पोती लावली होती."

पाणी घोट्याला लागलं.

"निधी आलता," अण्णांचा आवाज चिरकला. "तो मी चौकातल्या कमानीला वळवला."

कमानीवर अण्णांचं नाव दुरून वाचता येतं. पण ते स्वतःच्या तोंडानं तसं म्हणाले आणि त्याच वेळी पाणी चढायचं थांबलं. म्हणजे काय, की तिकडं बोळाच्या तोंडाशी कुंडलिकनं पळत जाऊन पोत्यावर स्वतःच बैठक मारली होती. पण ते बोळात कुणाला दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की माणूस खरं बोलला आणि पाणी उभं राहिलं. ओट्यांवरून एक लांब उसासा गेला. काकांनी पाहिलं तर आपलेच हात जोडलेले. ही प्रथा आपण कार्यालयातल्या खुर्चीत बसून खडीसाखर चघळत रचली, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हात सुटेनात.

अण्णा आता थांबायला तयार नव्हते. "मॅडमची तक्रार मीच बंद करायला लावली. फोटोतलं गटार माज्या मेव्हण्याच्या बंगल्यापुढचं हाय." पाणी थोडं ओसरलं. "ठेका कुणाला दिला ते न वाचताच मी सही केली." आणखी ओसरलं. "मिरवणुकीच्या वाटंवरचे खड्डे बुजवले, बाकीच्या वाटंनं मी जातच न्हाई." फेस जमिनीला टेकला. "उद्यापासनं हितं खराखुरा पाइप पडंल. पडला न्हाई तर मी पुन्ना अनवाणी येतो."

त्यांनी नारळ गिरिजाबाईंच्या हाती दिला. गिरिजाबाईंनी पदर खोचला. ज्वारीचं पीठ तिंबून तिंबून त्यांचं मनगट लोखंडाचं झालेलं. एकच दणका. नारळाची दोन शकलं. पाणी गोड निघालं, खोबरं पांढरंशुभ्र. टाळी कुणी वाजवली नाही. देवळात जोडतात तसे हात जोडले.

"पाण्याच्या पाळीचा दिवस होता काका," घराकडं वळताना धम्मप्रिया मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि गटाराला उतार आहे, म्हणून ओसरलं."

"व्हय," काका म्हणाले. "पण अण्णाला कुटनं उतार लागला?"

विज्ञानाच्या बाई हसत जिना चढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी खरोखरच पाइप आले. आणि त्याच दिवशी सोमवारचा व्हिडिओ शहरभर झाला. कामगार वस्तीतून माणसं आली. काका, आमच्या गल्लीतबी कायतरी जुनी प्रथा आसंल की, जरा आठवून बघा. कुणाला रस्त्याच्या दिव्यांची प्रथा हवी होती, कुणाला कचऱ्याच्या गाडीची. काकांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. इतर नगरसेवकांनी मात्र घरात नारळ आणणं बंद केलं. चटणीलासुद्धा शेंगदाणे.

तिसऱ्या दिवशी आघाडीच्या अध्यक्षांचा फोन आला. अण्णा बोळातच उभे होते. पाइप गिरिजाबाईंच्या दारापर्यंत येऊन पोचला होता. आता तेवढा एक तुकडा जोडायचा, चेंबर बांधायचं आणि वर फरशी टाकायची, की झालं. जेसीबीच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

"शरणबसव, ही प्रथा खरी आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हाय की साहेब. माज्या आजोबांनी शेवटचा जबाब दिला."

"खात्री करून घे. हे बघ, परंपरा असेल तर माझं काही म्हणणं नाही. आपली आघाडीच परंपरेची. पण परंपरा नसेल, तर मग ते नुसतं आंदोलन झालं. ते आपल्याला परवडणार नाही. परंपरा नसेल तर काम आहे तिथं थांबव. आणि ही प्रथा सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडं बघून घेऊ."

"खात्री कुणाकडनं करू साहेब?"

"तुझ्या आईला विचार. सासऱ्याचं सुनेला माहीत असणार."

शिवपुत्र काका ओट्यावर बसून हे ऐकत होते. गिरिजाबाई दारात उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, मग उरलेल्या खड्ड्याकडं पाहिलं. अण्णांच्या मातोश्री महादेवी अव्वा लेकीकडं अक्कलकोटला राहतात, आणि व्हिडिओ पाहून त्या निघाल्याच होत्या. अर्ध्या तासात रिक्षा बोळाच्या तोंडाशी येणार होती.

"कुंडलिक," काका खड्ड्यात वाकून म्हणाले, "किती वेळ लागंल?"

"चेंबर बांधायचं हाय काका. गप्पा मारत बसलो तर सांज."

"गप्पांचं मी बघतो. तू हात चालव."

नऊवारी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात पानाची चंची. महादेवी अव्वा लेकाचा हात धरून आल्या. अण्णा काही विचारणार, तोच काका पुढं झाले. "बर्री अव्वा, बर्री. या, हितं बसा, ओट्यावर. गिरिजा, चहा. अव्वा, तुमच्या सासऱ्याचं नाव काढलं की आमच्या अंगावर आजबी काटा येतोय बगा."

"हौदा?" म्हणजे खरंच का, असं विचारत अव्वा टेकल्या आणि चंची सोडली. "सांग की मग."

"अव्वा, आदी मला एक सांग," अण्णा मध्ये म्हणाले. अव्वा पोचताच त्यांनी पुन्हा लावलेला फोन हातात सुरू होता. अध्यक्ष ऐकत होते.

"माज्या सासऱ्याची गोष्ट हाय. ऐकू दे की मला," अव्वा म्हणाल्या आणि काकांकडं वळल्या.

मग काकांनी जन्मात सांगितली नाही अशी गोष्ट सांगितली. अव्वांचा सासरा कसा होता, तर दारातनं वाकून यायचा. आवाज असा, की त्यानं पेठेत खाकरलं तर मिलचा भोंगा वाजला समजून माणसं डबे घेऊन निघायची. खाली कुंडलिक वीट लावत होता. सासरा जबाबाला यायचा तेव्हा बोळातली कुत्री रांगेनं बसायची. कुंडलिक दुसरा थर लावत होता. एकदा गाळात रुतलेली कापसाची गाडी त्यानं बैल सोडून स्वतः ओढली, आणि बैल मागून चालत होते, लाजेनं मान खाली घालून.

"बैल लाजले?" अव्वांनी चुना लावता लावता विचारलं.

"लाजले की. एक तर पुन्ना गाडीला जुंपूनच घेईना."

"काका, जरा आवरा," मागून धम्मप्रिया कुजबुजल्या. पण चेंबरचा गिलावा ओला होता. काकांना आवरून चालणार नव्हतं. सासऱ्यानं जबाब दिला तो कसा? नुसता नारळ हातात घेतला, तोंडातून पहिला खरा शब्द निघाला, आणि नारळ आपोआप फुटला. फोडणारी बाई हात वर करून तशीच उभी.

"अव्वा," अण्णा कासावीस झाले, "खरं हाय का हे?"

"थांब की रे. गिरिजाबाई, आणिक एक कप घाल चहा. साखर कमी." अव्वांनी पान तोंडात टाकलं. त्यांची नजर काकांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती काकांच्या खांद्यावरून खड्ड्याकडं होती. "मग? कपडे कसले घालायचा म्हणालास?"

काकांना घाम फुटला. पण अव्वांनी प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर द्यायला हवं. फेट्याचं वर्णन त्यांनी इतकं लांबवलं, की त्या फेट्यात भवानी पेठ गुंडाळून वर शेमला उरला असता. फोनमधून अध्यक्षांचा जांभईचा आवाज आला. कुंडलिकच्या माणसांनी फरशीखाली पहारी घातल्या. फरशी हलली, कलली, चेंबरवर सरकली आणि धप्पकन बसली.

अव्वा उठल्या. चालत फरशीपर्यंत गेल्या, तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि टाचेनं एकदा दाबून पाहिलं.

"बसली का रं मुकादम?"

"बसली अव्वा. आता आमी म्हटलं तरी निगायची न्हाय."

"आन पाइप?"

"जोडला. पाणी सोडून बगितलं. वाहतंय."

"बरं," अव्वा म्हणाल्या. त्यांनी गिरिजाबाईंकडं पाहिलं, गिरिजाबाई तवा सरळ करायला आत वळल्या. मग त्यांनी लेकाच्या हातातला फोन आपल्या तोंडाजवळ ओढला आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता ऐका. ह्यो कंडक्टर मगापासनं थापा मारतोय. माजा सासरा जलमला तिकडं कर्नाटकात, इंडीत, मेला इंडीत. सोलापूर त्यानं कदी बगितलंच न्हाई."